पहारेकऱ्याला मी दिसलो कसा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्या जातीचा कुठलाही खेळ खेळणाऱ्या टोळक्यात सगळ्यात जास्त हुज्जत लपण्यावरून होते. तलवारीचा वार लागला की नाही याला सरळ उत्तर असतं. फासा पडला, आकडा जुळला, विषय संपला. लपताना मात्र खेळ चालवणाऱ्या डीएमच्या डोक्यात एक चित्र असतं आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात दुसरंच. ग्वाल्हेरला आमच्या टेबलावर हे संवाद नेहमीचे आहेत: "ताई, मी तर खांबामागे होतो, स्टेल्थला २३ आले होते. पहारेकऱ्याला मी दिसलो कसा?" "तू खांबामागे होतास रे, पण तुझ्या हातातला कंदील पेटलेला होता." मग अर्धा तास वाद, आणि चहा गार.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, असतो. जग, पहारेकरी, राक्षस, पाऊसपाणी सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे एकेक पात्र घेतात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. लपायचं कौशल्य म्हणजे स्टेल्थ, हेरायचं कौशल्य म्हणजे परसेप्शन. इथवर सोपं आहे.

गुंता जुनाच आहे. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा पात्रांमध्ये चोर हा वर्गच नव्हता. तो १९७५च्या पुरवणीत आला, आणि त्याच्याबरोबर टक्क्यांचे तक्ते आले. पहिल्या लेव्हलच्या चोराची सावलीत लपण्याची मूळ शक्यता होती १० टक्के. म्हणजे चोर म्हणून जन्माला यायचं आणि दहातले नऊ वेळा पकडलं जायचं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत लपणं आणि आवाज न करणं ही दोन वेगळी कौशल्यं होती, आणि समोरच्याकडे पाहणं आणि ऐकणं अशी दोन. एका पहारेकऱ्याजवळून जायचं तर चार फासे. वर दोन्हींत पास व्हायला हवं, एकात नापास झालात की संपलं. २००८च्या चौथ्या आवृत्तीने या चारांची दोन करून टाकली, स्टेल्थ आणि परसेप्शन, आणि तीच आजवर चालत आली आहेत. मला विचाराल तर त्या आवृत्तीने केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम.

आता २०१४च्या पाचव्या आवृत्तीत काय होतं ते पाहू, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच झाली आहे. लपणारा फासा टाकतो. पहारेकरी टाकत नाही. त्याचा पॅसिव्ह परसेप्शन नावाचा बसल्या जागचा आकडा असतो: १० अधिक त्याचा मॉडिफायर, म्हणजे कौशल्याचा आकडा. पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचा हा आकडा १२ आहे. तो मुद्दाम शोधायला लागला, तरच फासा हातात घ्यायचा.

पुष्कळ नवे डीएम इथे चुकतात. त्यांना वाटतं, पहारेकऱ्यालाही संधी द्यायला हवी, आणि ते सहा पहारेकऱ्यांसाठी सहा फासे टाकतात. सहा फाशांतला सगळ्यात मोठा आकडा सरासरी साडेसतराच्या आसपास येतो. त्यात पहारेकऱ्याचे २ मिळवले की लपणाऱ्याला साडेएकोणीसच्या वर जावं लागतं, जिथे नियमाप्रमाणे १२ पुरले असते. डीएमला वाटतं आपण न्याय केला, आणि टेबलावर लपणं बंद पडतं.

२०२४च्या सुधारित नियमांत रचना बदलली आहे. आधी जागा हवी: दाट अंधार किंवा धुकं, नाहीतर शरीराचा तीन-चतुर्थांश भाग झाकणारा आडोसा, आणि कुठल्याच शत्रूची थेट नजर तुमच्यावर नको. मग १५ गाठायचे. गाठले की तुम्हाला 'इन्व्हिजिबल' ही अवस्था मिळते आणि तुमच्या फाशाची एकूण बेरीज हाच पुढे तुम्हाला शोधणाऱ्याचा लक्ष्यांक ठरतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, वार केला, तोंडाने मंत्र म्हटला किंवा कुणी शोधून काढलं की अवस्था गेली. 'इन्व्हिजिबल' हे नाव दिल्यामुळे नवी भांडणं सुरू झाली. खांबामागे लपून १५ मिळवलेला खेळाडू म्हणतो, मी आता दिवाणखान्याच्या मधोमध चालत जाणार, कारण मी अदृश्य आहे. माझ्या टेबलावर याचं उत्तर ठरलेलं आहे. उजेडात कुणाच्या डोळ्यांसमोर आलात की त्याने तुम्हाला शोधलं, त्याला वेगळा फासा लागत नाही. २०१४च्या नियमातही स्पष्ट दिसणाऱ्याला लपता येत नाहीच.

उलट बाजूची गल्लतही तितकीच होते. जादूने खरोखर अदृश्य झालेलं पात्र आपोआप लपलेलं नसतं. ते दिसत नाही, पण त्याच्या चिलखताचा आवाज येतो, चिखलात पावलं उमटतात. कुठे आहे हे समोरच्याला कळू नये असं वाटत असेल, तर त्यालाही स्टेल्थ लागतोच.

अंधारातलं गणित तर जवळजवळ सगळेच विसरतात. डार्कव्हिजन असलेल्या प्राण्याला काळोखात दिवसासारखं दिसतं हा समज खोटा आहे. त्याला काळोख हा अंधुक उजेडासारखा दिसतो, आणि अंधुक उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. फासा असेल तर दोन टाकून लहान घ्यायचा, पॅसिव्ह आकडा असेल तर त्यातून ५ वजा करायचे. २०१४च्या पुस्तकातल्या गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसाचा ९ चा आकडा काळ्याकुट्ट गुहेत ४ वर येतो. म्हणजे गॉब्लिनांनासुद्धा पहाऱ्यावर मशाल लावण्याचं कारण आहे. आणि माणूस असलेल्या पात्राला अंधारात दिसतच नाही, म्हणून तो कंदील घेतो, आणि कंदील घेतला की लपणं आलं अंगलट. नियमांतून आपोआप निघणारी ही अडचण मला फार आवडते. ती पुसून टाकू नका.

आता टोळीचा प्रश्न. चार जण आहेत. रोग म्हणजे चोर, त्याचा स्टेल्थ अधिक ७. दोघांचा अधिक २. आणि चौथा पॅलादिन म्हणजे धर्मयोद्धा, अंगात चेन मेल म्हणजे कड्यांचं चिलखत, स्टेल्थ शून्य आणि वर डिसअ‍ॅडव्हान्टेज. समोर १२ चा पहारेकरी. रोगची शक्यता ८० टक्के, मधल्या दोघांची प्रत्येकी ५५, पॅलादिनची जेमतेम २०. चौघेही सुटायला हवेत असं धरलं, तर गुणाकार करून शक्यता उरते सुमारे ५ टक्के. म्हणूनच अनेक टोळ्या लपायचा नादच सोडतात. पॅलादिनला बाहेर ठेवून रोग एकटाच आत जातो, बाकीचे तिघे मोबाईल काढतात, आणि रविवारची दुपार फुकट जाते.

यावर पुस्तकातच तोडगा आहे. सगळ्यांनी टाकायचं, निम्मे किंवा जास्त पास झाले तर सगळी टोळी पास. त्याच चौघांची शक्यता आता साधारण ७५ टक्के होते. याला कथेतही अर्थ आहे: रोग पॅलादिनच्या दंडाला धरून 'थांब' म्हणतो, कुणीतरी त्याच्या कड्यांवर फडकं गुंडाळतं. ज्यांना 'पास विदाउट ट्रेस' हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र येतो, त्यांच्या आसपास तीस फुटांत सगळ्यांना अधिक १० मिळतात, मग तर चिंताच मिटली. या मंत्रावर चिडणारे डीएम बरेच आहेत. मला तो आवडतो, कारण त्यासाठी कुणीतरी आपल्या मोजक्या मंत्रांपैकी एक खर्च केलेला असतो.

तोडगा आहे तरी खेळ एका जागी अडखळतोच. फासा कधी टाकायचा आणि किती वेळा? खिडकीपाशी एकदा, गॅलरीत एकदा, दारापाशी पुन्हा असं केलं, तर ८० टक्क्यांचा रोगसुद्धा तीन फाशांनंतर ५१ टक्क्यांवर येतो. आणि फासा हुकला तर काय? बहुतेक टेबलांवर हुकला म्हणजे घंटा, आरडाओरडा, इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्या ठरवणारा फासा), लढाई. लपणं हे चालू किंवा बंद अशा बटणासारखं वापरलं जातं. खरी रात्र अशी नसते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या गच्चीवरून दिसतं.

३ ऑगस्ट १७८०च्या रात्री ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांच्या हातून गेला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचे दिवस. किल्ल्यावर महादजी शिंद्यांची शिबंदी, खाली ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम आणि त्याच्या बाजूने गोहदचा राणा. हा किल्ला लढून घेणं अवघड, म्हणून शिड्या लावून चढायचं ठरलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेली हकिगत मी डीएमच्या नजरेने वाचते, आणि दर वेळी वाटतं की यात अख्खं सेशन तयार पडलं आहे. हरलेली बाजू आपली आहे, हे गिळावं लागतं एवढंच.

वाट दाखवली ती राण्याच्या पदरी असलेल्या दरोडेखोरांनी. ते रात्री-अपरात्री वर जाऊन आलेले होते, कुठला कडा चढण्याजोगा आहे हे त्यांना माहीत होतं. शिपायांसाठी लोकरी कापडाचे जोडे शिवून त्यांत कापूस भरला होता, पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून. कड्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा वर तटावरून गस्तीचे दिवे सरकत होते. ते दिवे पुढे जाईपर्यंत सगळे खाली थांबले. मग एक दरोडेखोर वर जाऊन आला आणि म्हणाला, पहारेकरी झोपले आहेत. शिड्यांवरून आधी सोळा फुटांचा कडा, मग चाळीस यार्डांची चढण, मग तीस फुटांची भिंत. इंजिनियर कॅमेरॉन वर चढला, त्याने दोराची शिडी बांधली, आणि कॅप्टन ब्रूस वीस शिपायांसह तटाआड जाऊन बसला.

आणि मग त्यांच्यातल्या तिघांनी शेजारीच झोपलेल्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या.

इथे सामान्य डीएम म्हणेल, स्टेल्थ संपला, सगळा किल्ला जागा झाला, तुम्ही मेलात. तसं झालं नाही. शिबंदी जागी झाली, धावून आली, पण अंधारात समोर किती जण आहेत हे तिला कळेना. आवाज ऐकू आला होता, आकडा माहीत नव्हता. तेवढ्या वेळात खालून कुमक वर पोचली. उजाडता उजाडता किल्ला गेला.

खेळाच्या भाषेत हे मांडून पाहा. दरोडेखोरांची माहिती आणि कापसाचे जोडे हे फाशाच्या आधीचं काम होतं. खेळाडूंनी असं काही केलं तर अ‍ॅडव्हान्टेज द्या, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेऊ द्या, किंवा त्या टप्प्याला फासाच मागू नका. गस्तीचे दिवे जाईपर्यंत थांबणं हा निर्णय होता, त्याला कसला रोल? त्याची किंमत वेळेत घ्या. पहारेकरी झोपलेले असणं हे डीएमने आधीच ठरवून ठेवलेलं, आणि पाहून यायला माणूस पाठवला म्हणूनच हाती लागलेलं. खरा फासा एकच, वर पोचल्यावर तटाआड दबून बसण्याचा, आणि तो हुकला. तो हुकल्यावर 'त्यांना आता काय कळलं?' हा प्रश्न पुढे आला.

हा प्रश्न म्हणजे या सगळ्या विषयाचं मूळ आहे. स्टेल्थ हा माहितीचा खेळ आहे. कुणीतरी आहे हे कळणं, कुठे आहे हे कळणं, किती आहेत, कोण आहेत, आणि त्यातलं दुसऱ्यांना सांगता येणं, हे सगळे वेगवेगळे टप्पे. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची २०१९ची दुसरी आवृत्ती हे नियमातच लिहून ठेवते. तिथे तुम्ही समोर दिसत असता, किंवा दिसत नाही पण कुठे आहात हे कळलेलं असतं, किंवा आसपास आहात एवढंच ठाऊक असतं, किंवा तुम्ही आहात याचीच कुणाला कल्पना नसते. दुसऱ्या अवस्थेत तुमच्यावर वार करायचा तर वार करणाऱ्याला आधी मॉडिफायर न मिळवता फाशावर ११ आणावे लागतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांनी हा नियम उचलायची गरज नाही, पण डीएम आपले कागद झाकायला समोर उभा करतो त्या पडद्यामागे या चार पायऱ्या लिहिलेला कागद असावा.

ज्यांना इतकं बारीक नको, त्यांनी 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७च्या खेळातली घड्याळाची युक्ती घ्यावी. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार किंवा सहा भाग करायचे, वर लिहायचं 'वाडा जागा होतो'. फासा थोडक्यात हुकला तर एक भाग रंगवायचा, वाईट हुकला तर दोन. वर्तुळ भरलं की दंगल. खेळाडूंना ते वर्तुळ उघड दिसू द्या. तिसरा भाग रंगवला की टेबलावर जी शांतता पसरते, ती कुठल्याही वर्णनाने आणता येत नाही. आणि प्रत्येक भागाला एक खूण द्या: पहारेकरी मान वळवतो, कुत्रं भुंकतं, कुणीतरी दिवा घेऊन बाहेर येतं. लपणाऱ्याला मागे फिरायला, दगड फेकून लक्ष दुसरीकडे वळवायला जागा राहते.

शेवटी लढाई उभी राहिलीच, तर बेसावध सापडल्याचा फटका जुन्या-नव्या नियमांत वेगळा आहे. २०१४मध्ये बेसावध माणसाची पहिली पाळीच जायची. २०२४मध्ये त्याला फक्त इनिशिएटिव्हवर डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो. जुना नियम फार जीवघेणा होता. आधी घात केला की निम्मी लढाई तिथेच संपायची.

आता परसेप्शनची दुसरी बाजू, जिथे हेरणारे आपले खेळाडू असतात. इथला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे गोष्ट पुढे जायला जी माहिती लागणारच आहे ती फाशामागे कोंडून ठेवणं. गालिच्याखालचं भुयार सापडलं नाही तर कथा तिथेच थांबणार असेल, तर परसेप्शन मागू नका, भुयार दाखवून द्या. 'गमशू' पद्धतीचे तपासाचे खेळ याच तत्त्वावर उभे आहेत: योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य ठिकाणी शोधत असेल, तर धागा मिळतोच. फासा ठेवायचा असेल तर किंमतीसाठी ठेवा. भुयार सापडेल, पण किती वेळात, किती आवाज करून, आणि तोवर कोण येऊन पोचेल, हे फासा सांगेल.

खेळाडूंचीही एक खोड असते. खोलीत पाऊल टाकलं की 'परसेप्शन रोल करू?' मी उलट विचारते, "काय बघतोयस?" तो म्हणाला, पलंगाखाली वाकून बघतो, आणि पेटी पलंगाखाली असेल, तर ती त्याला सापडली. फासा कशाला? तो म्हणाला, दाराशी उभा राहून नुसता नजर फिरवतो, तर पॅसिव्ह आकडा पाहायचा. आणि पेटीवरच्या धुळीत बोटांचे ठसे दिसणं हे परसेप्शन, ते डावखुऱ्याचे आहेत हे ओळखणं इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे खुणांवरून तर्क करण्याचं कौशल्य. ही दोन्ही एकच समजून चालणाऱ्या टेबलावर तपास करणाऱ्या पात्राला कामच उरत नाही.

एक अवघड जागा उरतेच. खेळाडूने परसेप्शन टाकलं, फाशावर ३ दिसले, डीएम म्हणाला, "काही दिसत नाही." खेळाडूला कळलंच की काहीतरी आहे. मग पात्राला ठाऊक नसताना तो ढाल उचलतो. पाथफाइंडरमध्ये असे फासे डीएम गुपचूप टाकतो. काही टेबलांवर खेळाडू फासा डीएमच्या पेटीत टाकतात आणि तो एकटाच पाहतो. मी बहुतेक वेळा पॅसिव्ह आकडाच वापरते, कारण फासे टाकायची मजा खेळाडूंच्या हातून काढून घेतलेली मला आवडत नाही. ज्यांना रहस्यकथा खेळायच्या आहेत, त्यांनी गुपचूप फासे वापरून बघावेत.

आणि लपणं म्हणजे दर वेळी अंधारच, असं नाही. वरातीत मिसळून शिवाजी महाराजांची माणसं पुण्यात शिरली, ही लाल महालाची गोष्ट शाळेतच ऐकलेली असते. तिथे पहारेकऱ्यांना माणसं दिसत होती, फक्त ती कोण हे कळत नव्हतं. खेळाडूंनी असा बेत आखला तर त्यांच्याकडून स्टेल्थ मागणं चूक आहे. तिथे वेषांतराचं सामान, डिसेप्शन म्हणजे थाप मारण्याचं कौशल्य, आणि पहारेकऱ्याच्या बाजूने इनसाइट म्हणजे ती थाप ओळखण्याचं. पॅलादिनही अशा बेतात खुशाल सामील होतो, त्याच्या अंगावर चेन मेल असलं तरी, कारण वरातीबरोबर हत्यारबंद माणूस असणं कुणाला खटकत नाही.

सेशनच्या आधी एक काम करून ठेवा. प्रत्येक पात्राचा पॅसिव्ह परसेप्शन आणि स्टेल्थ एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. शेजारी कुणाला डार्कव्हिजन आहे, कुणाच्या चिलखताला डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे, आणि उजेड कुणाच्या हातात आहे ते लिहा. ऐनवेळी "तुझा पॅसिव्ह किती?" असं मोठ्याने विचारलंत, तर दबा धरून बसलेलं कुणीतरी आहे हे तुम्हीच सांगून टाकता. पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (सरावातल्या कौशल्यांत मिळवायचा आकडा) वाढतो, तेव्हा चिठ्ठी नवी करा.